तिजोरी नसलेल्या कंपनीकडे तिजोरीचा दाखला

अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाचा, म्हणजे एसबीएचा, एक नियम आहे. छोट्या उद्योगांसाठी राखीव असलेलं सरकारी कंत्राट मिळवण्यासाठी दोन कंपन्यांनी संयुक्त उपक्रम काढला आणि त्याची स्वतंत्र कंपनी म्हणून नोंदणी केली, तर त्या नव्या कंपनीत कंत्राटाचं प्रत्यक्ष काम करणारा एकही कर्मचारी ठेवता येत नाही. काम भागीदार कंपन्यांच्या माणसांनी करायचं. नव्या कंपनीने फार तर कारकुनी कामापुरती माणसं ठेवायची. म्हणजे ही कंपनी काय, तर एक करारनामा, एक बँक खातं आणि एक पाटी.

आता याच कंपनीला संरक्षण खातं म्हणालं, गोपनीय माहिती सांभाळण्याची तुमची स्वतःची मंजुरी दाखवा. भागीदारांची नको, तुमची.

२०२१ साली इन्फोपॉइंट एलएलसी नावाच्या एका संयुक्त उपक्रमापुढे ही वेळ आली. अमेरिकी हवाई दलाच्या एका निविदेत अट होती की प्रस्ताव देणाऱ्या कंपनीकडे ‘फॅसिलिटी क्लिअरन्स’ हवा. उपक्रमाच्या भागीदारांकडे तो असला तरी चालणार नाही, खुद्द उपक्रमाच्या नावावर हवा. इन्फोपॉइंटने प्रस्ताव भरण्याआधीच या अटीला आव्हान दिलं. २७ ऑगस्ट २०२१ रोजी जीएओने, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, निकाल कंपनीच्या बाजूने दिला. बी-४१९८५६ हा त्या निकालाचा क्रमांक. निविदांचं काम करणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर त्याची चर्चा झाली नाही. पण सुरक्षेचे नियम ‘शिथिल’ केले म्हणजे नेमकं काय केलं, हे कळण्यासाठी यापेक्षा स्वच्छ प्रकरण मला माहीत नाही.

हा क्लिअरन्स असतो तरी काय

आपल्याकडे ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हटलं की माणसाची चौकशी डोळ्यांपुढे येते: पोलीस पडताळणी, जुने पत्ते, शेजाऱ्यांकडे विचारपूस. अमेरिकेत तशी माणसाची मंजुरी वेगळी आणि कंपनीची वेगळी. कंपनीच्या मंजुरीला फॅसिलिटी क्लिअरन्स म्हणतात. नावात फॅसिलिटी असली तरी मंजुरी इमारतीला नसते, कायदेशीर संस्थेला असते. ही कंपनी गोपनीय माहिती हाताळायला पात्र आहे, असा तो प्रशासकीय निर्णय. आज चालणाऱ्या व्यवस्थेचा पाया ६ जानेवारी १९९३ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशात आहे. थोरल्या बुश यांनी पद सोडण्याच्या दोन आठवडे आधी त्यावर सही केली होती. सध्या हे काम डीसीएसए ही संरक्षण खात्याची यंत्रणा बघते. तिच्या देखरेखीखाली दहा हजारांहून जास्त ठिकाणं आहेत.

कंपनीला काय काय करावं लागतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. संरक्षण खात्याशी सुरक्षा करार करायचा. कंपनीतल्या मुख्य माणसांची वैयक्तिक मंजुरी मिळवायची. यात सर्वोच्च अधिकारी आला, सुरक्षा अधिकारी आला आणि घरभेद्यांवर नजर ठेवण्याची जबाबदारी असलेला अधिकारीही आला. हे तिघे अमेरिकी नागरिकच हवेत, ग्रीनकार्डावर भागत नाही. व्हर्जिनिया-मेरीलँड पट्ट्यात सरकारी आयटीची कामं करणाऱ्या मराठी मंडळींना हा तपशील तोंडपाठ असतो. नागरिकत्व मिळेपर्यंत या कामांच्या गाभ्यात शिरता येत नाही.

मग येतो एसएफ-३२८ हा फॉर्म. परकीय मालकी, परकीय नियंत्रण आणि परकीय प्रभाव यांविषयीचे दहा प्रश्न. कुणा परदेशी व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे कंपनीचे पाच टक्के किंवा त्याहून जास्त समभाग आहेत का? संचालक मंडळावर परदेशी नागरिक आहे का? परदेशी संस्थेचं कर्ज आहे का? एकाच परदेशी ग्राहकाकडून पाच टक्के किंवा सगळ्या परदेशी ग्राहकांकडून मिळून तीस टक्के उत्पन्न येतं का? एखाद्या उत्तरात ‘हो’ आलं म्हणून मंजुरी लगेच नाकारली जात नाही, पण मग ती परकीय बाजू गोपनीय कामापासून दूर कशी ठेवणार, याची व्यवस्था लावून द्यावी लागते. आणि त्यात महिने जातात.

या सगळ्याच्या आधीची पायरी सगळ्यात अवघड. कंपनीला स्वतःहून अर्जच करता येत नाही. एखाद्या सरकारी खात्याने किंवा आधीपासून मंजुरी असलेल्या कंपनीने ‘आम्हाला यांच्याकडून गोपनीय काम करून घ्यायचं आहे’ असं सांगत पुरस्कार करावा लागतो. म्हणजे काम मिळायचं तर मंजुरी हवी आणि मंजुरी मिळायची तर काम हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण कोणी फॉर्मच्या स्वरूपात छापली असेल तर ती इथे.

संयुक्त उपक्रमाची अडचण

मुळात छोट्या कंपन्या एकत्र येतात कशाला? मोठं कंत्राट एकटीला पेलत नाही म्हणून. एसबीएच्या मार्गदर्शक-शिष्य योजनेत तर एखादी मोठी कंपनीसुद्धा छोट्या कंपनीबरोबर उपक्रम काढून, छोट्यांसाठी राखून ठेवलेल्या कंत्राटात उतरू शकते. अट एवढीच की उपक्रमात छोट्या कंपनीची मालकी किमान ५१ टक्के असावी, व्यवस्थापन तिच्याकडे असावं आणि उपक्रम करील त्या कामातलं किमान ४० टक्के काम तिने स्वतः करावं. शिवाय पहिलं कंत्राट मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आतच त्या उपक्रमाला नवीन कंत्राटांसाठी प्रस्ताव देता येतात. पुढे जायचं तर दुसरा उपक्रम काढायचा: नवा करार, नवं खातं, नवी पाटी.

या पाटीला मंजुरी कशी मिळणार? तिच्या नावावर खोली नाही, तिजोरी नाही, गोपनीय कागद वाचणारा माणूस नाही. ज्यांच्याकडे हे सगळं आहे त्या दोन्ही कंपन्यांची चौकशी डीसीएसएने आधीच केलेली असते. पण मंजुरी एका संस्थेकडून दुसरीकडे जात नाही. प्रत्येक कायदेशीर संस्थेला सरकारदरबारी आपला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो आणि मंजुरी त्या क्रमांकाला चिकटलेली असते. उपक्रमाचा क्रमांक नवा, म्हणून त्याच्यापुढे मंजुरीचा रकाना कोरा.

समजा, चाकणच्या दोन भावांची दोन वर्कशॉप आहेत, दोघांकडे अग्निशमनाचा दाखला आहे. त्यांनी भागीदारीची फर्म काढली आणि मागणी घेतली, माल मात्र आपापल्या जुन्या शेडमध्येच बनवणार. आता अधिकारी म्हणतो, फर्मच्या शेडचा दाखला आणा. फर्मला शेडच नाही. हे उदाहरण माझं आहे आणि थोडं लंगडंही आहे. ते कुठे लंगडं पडतं हे पुढे येईलच.

एका वाक्याचा कायदा

२० डिसेंबर २०१९ रोजी अँड्र्यूज हवाई तळावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २०२० या आर्थिक वर्षाच्या संरक्षण अधिकार कायद्यावर, म्हणजे संरक्षण खर्चाला आणि धोरणाला मंजुरी देणाऱ्या दरवर्षीच्या कायद्यावर, सही केली. बातम्या झाल्या त्या अंतराळ सेनेच्या, कारण स्पेस फोर्स याच कायद्याने जन्माला आली. त्याच जाडजूड कायद्यात कलम १६२९ होतं. त्याचा आशय असा: ज्या संयुक्त उपक्रमातले सर्वच्या सर्व भागीदार संरक्षण खात्याच्या एखाद्या ठिकाणी प्रवेशासाठी आधीच मंजूर आहेत, त्या उपक्रमाकडे त्या प्रवेशासाठी वेगळी मंजुरी मागता येणार नाही.

हेतू चांगला, मसुदा ढिसाळ. कलमात शब्द आहेत ‘आस्थापनेत किंवा फॅसिलिटीत प्रवेशाची मंजुरी’. फॅसिलिटी क्लिअरन्स ही प्रवेशाची मंजुरी नसते, माहिती हाताळण्याच्या पात्रतेची असते, हे वर आलंच. कायदा लिहिणाऱ्यांनी ‘फॅसिलिटी’ या शब्दावर विसंबून गाडी पुढे हाकली, असं मला ते कलम वाचताना वाटतं. सुरक्षा खात्यांत शब्दाचा कीस पाडणारी माणसं कमी नसतात, त्यांना ही फट पुरेशी होती.

वर्षभराने एसबीएने आपल्या नियमांत याच विषयावर स्वतंत्र तरतूद केली. ती १६ नोव्हेंबर २०२० पासून लागू झाली आणि कायद्यापेक्षा कितीतरी नेटकी आहे. संयुक्त उपक्रमाकडे मंजुरी असो, किंवा सुरक्षेशी संबंधित काम जो भागीदार करणार त्याच्याकडे असो, कंत्राट देता येईल. पुढे दोन फाटे काढले आहेत. गोपनीय काम हाच कंत्राटाचा मुख्य आणि अत्यावश्यक भाग असेल, तर उपक्रमाचं नेतृत्व करणाऱ्या छोट्या कंपनीकडेच मंजुरी हवी. गोपनीय भाग आनुषंगिक असेल, तर तो भाग करणाऱ्या भागीदाराकडे असली तरी पुरे.

या दोन तरतुदींतला फरक महत्त्वाचा आहे आणि चर्चेत तो बहुधा हरवतो. काँग्रेसने म्हटलं, सगळे भागीदार मंजूर असतील तर. एसबीएने म्हटलं, काम करणारा मंजूर असेल तर. पहिल्या तरतुदीचा फायदा फक्त आधीपासून आत असलेल्यांना. दुसरीमुळे मात्र मंजुरी नसलेली छोटी कंपनीही, अनुभवी भागीदाराचा हात धरून आणि गोपनीय भाग त्याच्यावर सोपवून, संरक्षणाच्या कंत्राटात पाय ठेवू शकते.

त्यात आणखी एक भर. कंत्राटदार कंपन्यांनी गोपनीय माहिती कशी सांभाळायची हे सांगणारी संरक्षण खात्याची औद्योगिक सुरक्षा नियमावली तोवर नुसती पुस्तिका होती. तिला २४ फेब्रुवारी २०२१ पासून संघराज्याच्या रीतसर नियमाचा दर्जा मिळाला. म्हणजे तीन-चार महिन्यांच्या अंतराने दोन यंत्रणांचे दोन ताजे नियम टेबलावर आले. एकाने उद्योगाच्या बाजूने बघितलेलं, दुसऱ्याने तिजोरीच्या बाजूने. निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याने कुठलं पान उघडायचं?

हवाई दलाने तिजोरीचं पान उघडलं.

दोन्ही बाजू

हवाई दलाच्या म्हणण्याचा रोख असा होता: कंत्राट ज्या संस्थेच्या नावाने निघणार तिच्याकडेच मंजुरी हवी, असं आमची औद्योगिक सुरक्षेची नियमावली सांगते. कलम १६२९ संरक्षण खात्याने आपल्या नियमांत अजून उतरवलेलं नाही. तोवर आम्ही जुन्याच नियमाने चालणार.

इन्फोपॉइंटचं म्हणणं सरळ होतं. कायदा झाला आहे. तो खात्याने आपल्या पुस्तकात कधी उतरवावा ही खात्याची अंतर्गत बाब. तोपर्यंत कायदा थांबत नाही. आणि एसबीएचा नियम तर स्पष्टच आहे.

जीएओने कंपनीचं म्हणणं उचलून धरलं. कायद्याची भाषा मनाई करणारी आहे, ती पाळण्यासाठी खात्याच्या वेगळ्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. सर्व भागीदार मंजूर असतील, तर उपक्रमाकडे स्वतंत्र मंजुरी मागणारी अट कायद्याच्या विरुद्ध जाते. हवाई दलाने निविदेत दुरुस्ती करावी, अशी शिफारस झाली. जीएओचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या शिफारसच असतो, पण खाती ती सहसा मानतात. आणि निविदेचा तंटा तिथे शंभर दिवसांत निकाली काढावा लागतो. आपल्याकडच्या निविदा-तंट्यांची रांग पाहिलेल्या माणसाला हा आकडा दोनदा वाचावासा वाटेल.

इथवर पाहिलं तर अडाणी लाल फितीविरुद्ध शहाण्या कायद्याची ही गोष्ट वाटते. मला ती तशी वाटत नाही. हवाई दलाची अट कायद्यात बसत नव्हती, हे खरं. पण अटीमागची भीती पोकळ नव्हती.

पाटीमागचा धोका

चाकणचं उदाहरण लंगडं पडतं ते इथे. आग शेडमध्ये लागते. गुपित मात्र नेहमी खोलीतूनच फुटतं असं नाही, ते करारातूनही फुटतं.

एसएफ-३२८ च्या प्रश्नांकडे परत जाऊ. भागीदार अ ची उत्तरं तपासली, ब ची तपासली, दोन्ही स्वच्छ. म्हणून अ आणि ब यांच्या उपक्रमाची उत्तरं आपोआप स्वच्छ ठरतात का? उपक्रमाने स्वतःच्या नावावर कर्ज घेतलं तर ते कुणाचं? उपक्रमाच्या करारनाम्यात तिसऱ्या कुणाला नकाराधिकार दिला तर? दोन्ही भागीदारांच्या फॉर्ममध्ये जे दिसणार नाही, ते उपक्रमाच्या पातळीवर घडू शकतं. स्वतंत्र मंजुरीची अट गैरसोयीची होती, पण तिच्यामुळे कुणीतरी तो करारनामा वाचत होतं.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. गोपनीय कागद गहाळ झाला, चौकशी बसली, तर सरकारचं कंत्राट उपक्रमाशी आणि सुरक्षा करार मात्र भागीदार ब शी. उपक्रमाचं व्यवस्थापन छोट्या कंपनीकडे, तिजोरी मोठ्या भागीदाराकडे. एसबीएच्या नियमातल्या दुसऱ्या फाट्यात, म्हणजे गोपनीय भाग आनुषंगिक असताना, असंही होऊ शकतं की व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीला आपल्याच कंत्राटातला एक भाग वाचायची परवानगी नाही. काम तिचं, कागद दुसऱ्याच्या कपाटात. हे चालवता येतं, उपकंत्राटांत असं रोज चालतं. पण उपकंत्राटात वर मंजुरी असलेली मुख्य कंपनी असते. इथे उतरंड उलटी होते.

आणि ‘आनुषंगिक’ कशाला म्हणायचं? कंत्राट एखाद्या तळावरच्या संगणक व्यवस्थेच्या देखभालीचं आहे. नव्वद टक्के काम कुणीही बघावं असं. उरलेल्या दहा टक्क्यांत गोपनीय जाळ्याचे सर्व्हर. ते दहा टक्के आनुषंगिक की तोच सगळ्याचा गाभा? नियम टक्केवारी देत नाही. ते ठरवायचं निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याने, आणि त्याला शंका आली की तो जड अटीकडे झुकणार. अट जड ठेवली म्हणून कुणाची नोकरी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तरीही माझा कौल जीएओच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण सुरक्षेचंच आहे. चौकशी करणाऱ्यांचा वेळ मोजका असतो. ज्या दोन कंपन्यांची तपासणी झालेली आहे त्यांच्या सामायिक पाटीची पुन्हा तपासणी करण्यात एक अधिकारी आठवडे घालवणार असेल, तर तेवढा वेळ परदेशी पैसा आलेल्या खऱ्याखुऱ्या कंपनीला कमी मिळतो. करारनामा वाचायचा आहे ना? मग करारनामाच मागा. उपक्रमाच्या नावावर कर्ज किंवा नकाराधिकार आला तर भागीदारांनी तो कळवावा, अशी अट घाला. त्यासाठी पाटीला तिजोरीचा दाखला आणायला सांगायचं कारण नाही.

आपल्याकडचं वळण

हाच गुंता भारतात वेगळ्या बाजूने सुटला, म्हणून थोडं विषयांतर. २००१ साली संरक्षण उत्पादन खासगी कंपन्यांना खुलं झालं, पण औद्योगिक परवाना घ्यावा लागे आणि त्या वाटेवर गृह खात्याचं मत लागे. कुठल्या वस्तूला परवाना हवा याबद्दल इतका संभ्रम होता की ओतकाम आणि फोर्जिंग करणारेही त्यात अडकत. जून २०१४ मध्ये केंद्राने परवाना लागणाऱ्या वस्तूंची यादी जाहीर केली आणि सुटे भाग, ओतीव भाग, फोर्जिंग, चाचणीची उपकरणं यांतलं बरंचसं यादीबाहेर ठेवलं. भोसरी-चाकण किंवा कोल्हापूरच्या ओतकामवाल्यांच्या दृष्टीने ही शिथिलता मोठ्या घोषणांपेक्षा जास्त कामाची. त्याच वर्षी परवानाधारक कंपन्यांसाठी सुरक्षा पुस्तिका आली आणि तिने उत्पादनांचे तीन वर्ग केले. दारूगोळा, स्फोटकं, पूर्ण शस्त्रप्रणाली, तयार विमानं-रणगाडे-जहाजं ‘अ’ वर्गात, त्यांना सर्वात कडक बंदोबस्त. अर्धवट तयार भाग आणि उपप्रणाली ‘ब’ मध्ये. ज्यात गोपनीय माहितीचा संबंधच नाही अशा सर्वसाधारण वस्तू ‘क’ मध्ये, त्यांना किमान बंदोबस्त.

म्हणजे आपण विचारलं, तू काय बनवतोस? अमेरिकेने विचारलं, तू कोण आहेस? आपल्या पद्धतीत संयुक्त उपक्रमाचा पेच इतक्या टोकाला जात नाही, कारण कुलूप वस्तूभोवती आणि जागेभोवती असतं. पण सॉफ्टवेअर, नकाशे, सिग्नलचं विश्लेषण असल्या कामांत वस्तूच हाती येत नाही आणि तिथे आपल्याला अमेरिकेचा प्रश्न आज ना उद्या विचारावा लागणार.

निकालानंतर काय उरलं

इन्फोपॉइंटच्या निकालाने पुरस्कर्त्याची अट हलली नाही. दोन मंजूर कंपन्यांची तिसरी पाटी आता अडत नाही, एवढं झालं. मंजूर भागीदाराच्या सोबतीने आनुषंगिक कामाच्या वाटेने येणाऱ्या नवख्या कंपनीला फट मिळाली, पण ती वाटही मोठ्या भागीदाराच्या अंगणातून जाते. एकटी उभी असलेली, चांगलं तंत्रज्ञान हातात असलेली आणि कुणी ओळखीचं नसलेली कंपनी जिथे होती तिथेच राहिली. तिचा एसएफ-३२८ भरून तयार असेल, दहाही उत्तरं ‘नाही’ असतील, तरी तो फॉर्म कुणाकडे पाठवायचा हे तिला आधी दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं.

आणि एसबीएच्या नियमात, उपक्रमाने काम करणारी माणसं ठेवायची नाहीत असं जिथे म्हटलंय, तिथे एक कंस आहे. कारकुनी कामाला माणसं चालतील, आणि त्यांत एक किंवा अधिक सुरक्षा अधिकारी असले तरी हरकत नाही, असं त्या कंसात लिहिलंय. म्हणजे ज्या पाटीकडे मंजुरी असायची गरज नाही, तिच्याकडे सुरक्षा अधिकारी मात्र असू शकतो. त्याने सांभाळायचं काय, ते कंसात नाही.